सुगी आली की शिंका: सासूबाईंनी बघितलं बरोबर, अर्थ चुकीचा लावला

पत्र थोडक्यात असं आहे. खानापूर रोडवरच्या एका गावातल्या ताई, वय ३४, माहेर अथणीकडचं, शेजारच्या गावात शाळेत शिकवतात. लग्नाला नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं काही नव्हतं, मग एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर शिंका सुरू झाल्या आणि तेव्हापासून दरवर्षी नवरात्र ते संक्रांत हेच चाललंय. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, डोळ्यांना खाज, दिवसभर नाक गळतंय आणि रात्री गच्च. दोन वर्षं झाली, नाकात ड्रॉप घातल्याशिवाय झोप नाही. दिवाळीच्या सुमारास एका दवाखान्यात इंजेक्शन घेतात, महिनाभर बरं वाटतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून रक्ताची मोठी टेस्ट केली, त्यात अंडी, शेंगदाणे, दही, केळी आली म्हणून तीन महिने ते सगळं बंद आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सुगी जवळ आली की हिच्या शिंका सुरू होतात बघा." मिस्टर म्हणतात गोव्याला बदली मागतो. आणि आता सात वर्षांचा मुलगा पण सारखं नाक चोळतोय. प्रश्न दोन: मुळापासून जाईल असं औषध कुठलं, आणि गाव सोडावं का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना सासूबाईंच्या वाक्यापाशी थांबले. तुम्हाला ते लागलंय, लागणारच, दिवसभर शाळा करून, घरचं करून वर कामचुकार ठरायचं म्हणजे काय ते मला कळतंय. पण जरा बाजूला ठेवून बघा, तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात उपयोगाची माहिती त्या वाक्यातच आहे. दोन दवाखाने आणि ती महागडी टेस्ट यांच्यातून जे निघालं नाही ते सासूबाईंनी नुसत्या डोळ्यांनी पकडलंय की तुमचा त्रास कॅलेंडर बघून येतो. भात कापणी, मळणी, पिंजराची म्हणजे भाताच्या पेंढ्याची गंजी रचणं, हे सुरू झालं की तो वाढतोय. अर्थ त्यांनी चुकीचा लावला, एवढंच.

मी डॉक्टर नव्हे हे आधीच सांगते. बेळगावात शहापूरला औषधाच्या दुकानात बावीस वर्षं काढली, तेवढ्यावर आणि वाचनावर बोलतेय. गोळ्या-औषधं शेवटी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

आधी तुम्ही जे धरून चाललाय त्यातलं एकेक बघू. तुम्ही लिहिलंय की "माझी इम्युनिटीच कमी आहे, थंडी सोसत नाही." ताई, अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराची ताकद कमी पडणं नव्हे, उलट ज्याच्याशी भांडायची गरजच नाही त्याच्याशी शरीर भांडत बसतं. गवताचे परागकण, धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, बुरशी, यांनी तसं काही बिघडत नाही, पण तुमचं शरीर त्यांना शत्रू समजून आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, मग पुढच्या वेळी ती वस्तू नाकात गेली की हिस्टामिन सुटतं आणि शिंका, पाणी, खाज सगळं चालू. म्हणून इम्युनिटी वाढवणारी पावडर आणि काढे यांच्यावर पैसे घालवू नका. हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल प्या, पण अ‍ॅलर्जी जाईल म्हणून नको. मधाचंही तेच.

आणि पहिली तीन वर्षं काही नव्हतं याचं तुम्हाला नवल वाटतंय ते पण यातच बसतं. अथणीकडची हवा कोरडी, आमच्या बेळगाव-खानापूर भागात पाऊस भरपूर आणि दमट हवा, गवत वेगळं, घरं वेगळी. नव्या ठिकाणच्या वस्तूंची ओळख व्हायला शरीराला काही सिझन जावे लागतात, ओळख झाली की मग त्रास सुरू. तेव्हा "लग्नाआधी ठणठणीत होती, आता नाटकं करते" असं कुणी म्हणत असेल तर त्यांना हे सांगा.

आता नवरात्रातच का सुरू होतं बघा. थंडी तर तेव्हा पडलेली पण नसते! मग काय असतं तेव्हा? पावसानंतर बांधावरचं सगळं गवत फुलोऱ्यात असतं, काँग्रेस गवत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पांढरं झालेलं असतं. आणि घरात? घट बसायच्या आधी माळ्यावरचं सगळं खाली येतं, वाकळा, जुन्या गाद्या, तांब्या-पितळेची भांडी, वर्षभराची धूळ, चार महिन्यांच्या पावसात भिंतीला आलेली बुरशी, आणि हे सगळं झाडायला-पुसायला कोण, तर तुम्ही. नंतर दिवाळीची साफसफाई, फटाक्यांचा धूर, तोवर सुगी, मळणीचा भुसा, ओलसर राहिलेल्या पिंजरातली बुरशी, मग ऊस तोडला की फडात पाला पेटवलेला असतो त्याचा धूर. म्हणजे नवरात्र ते संक्रांत एकामागून एक रांगच लागलीय, आणि आपण सगळं थंडीवर ढकलून मोकळे होतो.

म्हणून पहिलं काम औषधाचं नाही, वहीचं. रोज रात्री दोन ओळी लिहा: शिंका कधी आल्या, कुठं होता, काय करत होता. शाळेत असताना कमी असतात का? रविवारी घरी जास्त का? सकाळी अंथरुणातून उठताना जोरात येत असतील तर गादी-उशीतल्या धुळीच्या किड्यांवर संशय घ्यायचा. रानात गेल्यावर डोळे खाजत असतील तर पराग. पिंजर हलवताना असेल तर भुसा आणि बुरशी. माहेरी चार दिवस गेल्यावर काय होतं ते तर नक्की लिहा. असली वही घेऊन गेलात तर डॉक्टरांचं अर्धं काम होतंय. हे बाकीच्या वाचकांनाही सांगते, विशेषकरून निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत काम करणारे आणि वडगाव-शहापूरला मागावर बसणारे, तुमचा त्रास सुट्टीच्या दिवशी कमी आणि कामावर गेलं की जास्त असेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण मग तो सिझनचा प्रश्न राहत नाही, कामाच्या जागेचा होतो आणि उपाय वेगळे असतात.

ती रक्ताची टेस्ट. मला तिचा खरंच राग येतो. एका रक्तात शंभर-दोनशे गोष्टी तपासायच्या आणि लांबलचक यादी हातात द्यायची. टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीराला त्या वस्तूची ओळख आहे, ती खाऊन तुम्हाला त्रास होतोच असं नाही. तुम्ही जन्मभर शेंगदाण्याची चटणी आणि दही खाल्लंय, कधी अंगावर गांध उठली नाही, ओठ सुजले नाहीत, दम लागला नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग नवरात्र ते संक्रांत येणाऱ्या शिंकांचा दोष दह्यावर कसा? वर्षभर खाल्लेल्या वस्तूनं तीनच महिने त्रास द्यावा हे पटतं का तुम्हाला? डॉक्टरांना ही यादी दाखवा, विचारा आणि खाणं परत सुरू करा, मुलाचं तर दूध-अंडी असल्या कागदावरून अजिबात बंद करू नका. टेस्ट करायचीच तर आधी तुमची हकीकत ऐकून, त्यातून संशय आलेल्या मोजक्या गोष्टींचीच करायची. हातावर थेंब टाकून सुईनं हलकं टोचतात ती स्किन प्रिक टेस्ट, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. तिच्याआधी पाच-सात दिवस अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, ते आधी विचारून घ्या नाहीतर फेरी वाया जाते.

आता ड्रॉप. ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजी वाटली ती याची. दुकानात असताना संध्याकाळी सातनंतर ठरलेली माणसं यायची, "नाक लै गच्च झालंय, ती ड्रॉप द्या की," चिठ्ठी नाही काही नाही, दर दहा दिवसांनी एक बाटली. झायलोमेटाझोलिन नाहीतर ऑक्सिमेटाझोलिन असतं त्यात. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, दोन मिनिटांत नाक मोकळं, पण तीन ते पाच दिवसांच्या वर घातलं की उलटं होतं, औषधाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त गच्च होतं, म्हणून परत ड्रॉप, परत गच्च. रात्रीचं तुमचं गच्च नाक किती अ‍ॅलर्जीचं आणि किती त्या बाटलीचं हे आता सांगणंच अवघड झालंय. ही बाटली सोडायची. कशी ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण बऱ्याच जणांना जमणारी रीत अशी की आधी खाली सांगितलेला स्टिरॉइड स्प्रे चालू करायचा, मग ड्रॉप एका नाकपुडीत बंद करायची, दुसरीत चालू ठेवायची, एक बाजू सुधारली की दुसरीतही बंद. आठवडा-दोन आठवडे त्रास होईल. पहिल्या चार रात्री वाईट जातात, उशाला अजून एक उशी घ्या, मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवा की या आठवड्यात मी चिडचिड करीन.

ते दिवाळीचं इंजेक्शन कुठलं होतं ते चिठ्ठीवर बघा. ट्रायमसिनोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन असलं काही नाव असेल तर ते स्टिरॉइड, आणि महिनाभर टिकलं म्हणजे अंगात हळूहळू सुटत राहणारं असणार. बरं वाटतं यात शंका नाही. पण ते नाकापुरतं न राहता सगळ्या अंगात फिरतं, साखर, बीपी, हाडं यांच्यावर परिणाम होतो, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार करणं मंदावतं, नुसत्या शिंकांसाठी दरवर्षी हे घेऊ नये असंच जाणकार सांगतात. गंमत बघा, स्प्रेमध्ये स्टिरॉइड आहे म्हणून लोक घाबरतात, आणि इंजेक्शन न विचारता घेतात! फ्लुटिकासोन, मोमेटासोन असल्या स्प्रेचा डोस अगदी थोडा, नाकातच काम करतो आणि रक्तात फार कमी जातो. सतत नाक गच्च राहणाऱ्यांना गोळीपेक्षा यानंच जास्त फरक पडतो. काचबिंदू असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायचं.

पण स्प्रे नीट मारायला पाहिजे. दुकानात दहातले आठ जण मान वर करून, नाकाच्या मधल्या पडद्यावर मारतात, मग रक्त येतं आणि "मला सोसला नाही" म्हणून बंद करतात. मान किंचित खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या, टोक बाहेरच्या बाजूला म्हणजे त्याच बाजूच्या कानाकडं, आणि मारल्यावर जोरात ओढायचं नाही, ओढलं की घशात जातं. रोज मारायचा. आज मारला आणि उद्या फरक नाही म्हणून सोडायचा नाही, पूर्ण असर यायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणूनच तो शिंका सुरू झाल्यावर नव्हे तर दोन आठवडे आधी चालू करायचा असतो, आणि आपल्याकडं त्याची तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, पितृपंधरवडा लागला की स्प्रे. लोक पंधरवड्यात नवं काही सुरू करत नाहीत, पण औषधाला काही हरकत नाही. यंदा उशीर झालाय तर डॉक्टरांना दाखवून आत्ता सुरू करा, पुढच्या वर्षी पंधरवडा चुकवू नका.

गोळ्यांचं थोडक्यात. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या शिंका आणि खाज यांच्यावर चांगल्या, गच्च नाकावर तेवढ्या नाहीत. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, असर कमी होतो, पाण्याबरोबरच घ्या. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, शाळेला स्कुटीवर जाणार असाल तर नकोच. आणि मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळी दुकानातून आपल्या मनानं आणू नका, मुलाला तर नाहीच, तिच्यामुळं काही जणांना झोपेचा, मनाचा त्रास होतो म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं हे मला सगळ्यात आवडतं, स्वस्त आणि निरुपद्रवी, दिवस गेलेल्या बायकांनाही चालतं. पाव लिटर पाण्याला अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून गार केलेलंच, विहिरीचं, बोअरचं, नळाचं थेट कधीही नाही, कारण न उकळलेल्या पाण्यातला एक अमिबा नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो, क्वचित होतं पण झालं तर जीवघेणं असतं. रानातून आल्यावर, झाडलोट झाल्यावर धुवा आणि मग दहा मिनिटांनी स्प्रे.

घरातलं जमेल तेवढंच करा. कोरडं झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसणं, जुनी कापसाची उशी बदलणं, उशी-गादीला चेनचं घट्ट कव्हर, चादरी आठवड्याला कढत पाण्यात, ६० अंशाला किडे मरतात. वाकळा उन्हात टाकल्या तर चांगलंच पण आपटायचं काम दुसऱ्या कुणी करावं. माळा काढायचं काम मिस्टरांनी करावं, हे मी स्पष्टच लिहिते. मळणीच्या दिवशी खळ्यावर जावंच लागलं तर एन-९५ मास्क लावा, पदराचा किंवा ओढणीचा तेवढा उपयोग होत नाही, आणि आल्या आल्या अंघोळ, केस धुवून. घराजवळचं काँग्रेस गवत फुलायच्या आधीच, जमीन ओली असताना मुळासकट उपटून घ्या, हातमोजे घालून, कारण कातडीला पण त्याची अ‍ॅलर्जी येते.

गोव्याचं आता. मिस्टरांनी बदलीचा विचार केला हे मला मनापासून आवडलं, तुमचा त्रास ते मानतात. पण धुळीचे किडे आणि बुरशी यांना दमट हवा मानवते, आणि गोव्यात दमटपणा कमी नाही. वहीतून गादीतल्या किड्यांचं निघालं तर बदलीनं बरं वाटायच्या ऐवजी वाढूही शकतं. पुण्याला जावं म्हटलं तर काँग्रेस गवत देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५६च्या सुमारास. नव्या जागी वर्ष-दोन वर्षं बरं वाटतं आणि शरीर तिथल्या नव्या वस्तूंशी भांडण काढतं, तुमचं अथणी-खानापूर झालं तेच. नोकरीसाठी, मुलाच्या शाळेसाठी जायचं तर जा. नाकासाठी घर मोडू नका, निदान एक सिझन नीट औषध घेऊन बघितल्याशिवाय तरी नको.

आणि मुळापासून जाण्याचं. एका कोर्समध्ये कायमचं बरं करतो असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या. पण वर्षागणिक कमी करणारा एक उपाय आहे, इम्युनोथेरपी. ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच अगदी थोडं थोडं, वाढवत वाढवत शरीराला द्यायचं म्हणजे ते भांडायचं कमी करतं. लंडनमध्ये १९११ साली गवताच्या परागांवर याची सुरुवात झाली, म्हणजे नवं खूळ नाही. इंजेक्शन किंवा जिभेखाली थेंब-गोळी, तीन ते पाच वर्षं चालतं, इंजेक्शन आधी दर आठवड्याला मग महिन्याला, आणि घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, कारण क्वचित जोराची रिअ‍ॅक्शन येते. थांबवल्यावरही पुढं काही वर्षं फायदा टिकतो. सगळ्यांना गुण येतो असं नाही, खर्च आणि फेऱ्या आहेत, दमा आटोक्यात नसेल तर देत नाहीत, आणि टेस्ट व हकीकत जुळल्याशिवाय सुरूच करू नये. माझं मत विचाराल तर आधी एक वर्ष स्प्रे, नाक धुणं आणि वही प्रामाणिकपणे करा, तरी शाळा-झोप बिघडत असेल तर मग हा विषय काढा.

मुलाला मात्र लवकर दाखवा, पुढच्या सुगीची वाट बघू नका. नाक तळहातानं वर चोळणं, तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं, डोळ्यांखाली काळं, हे असेल तर सांगा. रात्रीचा खोकला, पळाल्यावर दम, छातीत शिट्टी असेल तर नाकाबरोबर दम्याची पण तपासणी, नाक आणि छाती एकाच वाटेवर आहेत. तुमच्या बाबतीत पण हेच, आणि एकाच बाजूचं नाक कायम बंद, रक्त, घाण वास, वास अजिबात न येणं असं काही असेल तर थेट ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर. खाजगीत जमत नसेल तर बेळगावला बिम्सच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सिव्हिलमध्ये ईएनटीची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा, वही, जुन्या चिठ्ठ्या आणि ती ड्रॉपची बाटली घेऊन. डॉक्टर कानडी बोलणारे असतील तर संकोच करू नका, विचारायचे प्रश्न आधी कागदावर लिहून न्या, समजलं नाही तर परत विचारा.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी भांडून काही होणार नाही आणि लेक्चर देऊन तर नाहीच. जमलं तर दवाखान्यात त्यांनाच बरोबर घेऊन जा. डॉक्टर विचारतील, कधीपासून आणि कशानं होतं, तेव्हा त्यांना सांगू दे, पाच-सहा वर्षांचा सगळा हिशेब त्यांच्याकडं पाठ आहे. आणि सुगीच्या आधीच बोलून कामं वाटून घ्या, मळणी आणि पिंजर तुमच्याकडं नको, माणसांची भाकरी, पोत्यांचा हिशेब, मजुरीचं लिहिणं तुमच्याकडं. ते काही हलकं काम नाही, वीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कामचुकार कोण म्हणणार?